हेड काही निघेना

गाड्यांच्या इतिहासावर लिहिणारे लोक गाडी किती वेगात पळाली, कुठली शर्यत जिंकली, कोणत्या सिनेमात दिसली याबद्दल भरभरून लिहितात. तीच गाडी तीस वर्षांनी खोलायला घेतली तेव्हा काय झालं, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. आजचा लेख या दुसऱ्या प्रकारचा आहे. विषय तसा बोटभर जाडीचा: ट्रायम्फ स्टॅग नावाच्या इंग्लिश गाडीच्या इंजिनातला एक पोलादी स्टड, आणि तो बाहेर का येत नाही.

ज्यांनी कधी बॉनेट उघडून डिपस्टिकच्या पुढे मजल मारली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. इंजिनाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर झाकणासारखं बसतं ते हेड. मध्ये गॅसकेट. हेड ब्लॉकवर घट्ट आवळलेलं राहावं म्हणून बोल्ट तरी असतात नाहीतर स्टड. बोल्टला डोकं असतं, तो पान्याने फिरवला की अख्खा बाहेर येतो. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा. एक टोक ब्लॉकमध्ये कायमचं बसवलेलं, दुसरं हेडमधून आरपार वर आलेलं, त्यावर नट. नट काढला तरी स्टड जागेवरच. हेड त्याच्यावरून सरकवत वर उचलायचं. डब्याचं झाकण उचलावं तसं. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं असतं.

जुन्या गाड्यांचे ब्लॉक बिडाचे. हेडसाठी मात्र अ‍ॅल्युमिनियम हळूहळू लोकप्रिय झालं, कारण ते हलकं आणि उष्णता झटकन बाहेर टाकणारं. आपली फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, हीसुद्धा याच जातीची. १०८९ सीसीचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तेव्हा हे काही फार परदेशी प्रकरण आहे असं समजू नका.

आता स्टॅग. १९६० च्या दशकात ट्रायम्फच्या इंजिनिअरांनी मोठा देखणा विचार केला होता. एकच चार सिलिंडरचं इंजिन बनवायचं, उभं नाही तर ४५ अंशांत कललेलं. अशी दोन इंजिनं एकाच क्रँकशाफ्टवर जोडली की झाला ९० अंशांचा व्ही-८. एकाच डिझाइनमधून, बऱ्याचशा त्याच मशीनवर, दोन इंजिनं. (आपल्याकडे याला कोड रियूज म्हणतात आणि प्रेझेंटेशनमध्ये त्यावर एक तरी स्लाइड असते.) चार सिलिंडरवालं इंजिन आधी स्वीडनच्या साबने आपल्या ९९ मॉडेलसाठी घेतलं. व्ही-८ आलं स्टॅगमध्ये, जून १९७० ला. २९९७ सीसी, चार माणसांची उघड्या टपाची गाडी, रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'मध्ये जेम्स बाँडसुद्धा थोडा वेळ स्टॅग चालवतो. दिसायला आजही सुंदर आहे. १९७७ पर्यंत एकूण २५,८७७ गाड्या बनल्या आणि एवढ्यात तिने असं नाव कमावलं की ब्रिटिश लेलँडच्या दुर्दशेचा विषय निघाला की स्टॅग येतेच.

तिचं मुख्य दुखणं तापण्याचं. पाण्याचा पंप इंजिनावर नेहमीपेक्षा उंच बसवलेला, त्यामुळे पाणी थोडं कमी झालं की पंपच आधी कोरडा. ओतकामातली वाळू बऱ्याच ब्लॉकमध्ये तशीच राहिलेली, ती पाण्याच्या वाटा तुंबवायची. इंजिन तापलं की गॅसकेट जायचं. गॅसकेट गेलं की हेड उतरवणं आलं. आणि गंमत म्हणजे, हेड उतरवणं सोपं जावं याची डिझाइन करणाऱ्यांनी खास काळजी घेतलेली होती!

कशी, ते नीट बघा, कारण सगळा मामला इथेच आहे. स्टॅगमध्ये कॅमशाफ्ट हेडवरच बसतो. सगळे बोल्ट सरळ उभे ठेवले असते तर त्यातले अर्धे कॅमशाफ्टच्या आणि त्याच्या झाकणाच्या खाली दडले असते. हेड काढायचं तर आधी ती सगळी जुळणी सोडवा. म्हणून त्यांनी प्रत्येक हेडला दहापैकी पाच बोल्ट एका दिशेने लावले आणि उरलेल्या पाच जागी स्टड, तेही तिरके, असे की त्यांचे नट झाकणाच्या बाहेर राहतील. फायदा दुहेरी. कारखान्यात हेड पूर्ण जुळवून तयार करा आणि थेट ब्लॉकवर चढवा. गॅरेजमध्ये कॅमशाफ्टला हात न लावता सगळे नट-बोल्ट सोडवा, हेड तिरकं सरकवत उचला. वाचताना वाटतं, वा! कोणीतरी मेकॅनिकचा विचार केला.

पण मग स्टड हेडमध्ये धरायला लागले.

का धरतात, हे समजायला गाड्यांच्या आधीच्या काळात जावं लागतं, थेट जहाजांकडे. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या फ्रिगेटच्या तळाला बाहेरून तांब्याचा पत्रा ठोकला. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे तळाची चाळण करायचे, शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाज मंद व्हायचं, त्यावर हा उपाय. 'अलार्म' वेस्ट इंडीजकडे जाऊन आलं. १७६३ मध्ये तळ तपासला तर लाकूड उत्तम, तांबं उत्तम, पण लोखंडी खिळे जिथे जिथे तांब्याला टेकले होते तिथे खाऊन गेलेले. काही जवळपास नाहीसेच झालेले. मात्र काही खिळे धडधाकट निघाले. कारण शोधलं तर सापडलं ते असं: तांब्याचे पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. खिळा आणि तांबं यांच्या मध्ये तो कागद. जिथे कागद तिथे खिळा शाबूत.

लक्षात घ्या, ही १७६३ ची गोष्ट. गॅल्व्हानीचे बेडूक अजून यायचे होते, व्होल्टाने बॅटरी बनवायला (१८००) अजून सदतीस वर्षं होती. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत दोघांपैकी एक धातू झिजतो, हे शास्त्र कोणालाच माहीत नव्हतं. पण 'या दोघांना टेकू देऊ नका' हा निष्कर्ष लेखी उपलब्ध होता. तरी नौदलाला लोखंडी खिळ्यांऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे सर्रास वापरायला १७८० चं दशक उजाडलं.

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने याच बॅटरीचा उलटा उपयोग करून दाखवला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे झीज त्यांची होते आणि तांबं वाचतं. बळीचा बकरा म्हणा. ज्या जहाजांवर त्याने हे लावलं त्यातलं 'समरंग' हे आपल्या कोचीनला बांधलेलं, १८२२ चं, सागवानी. प्रयोग इतका यशस्वी झाला की फसला. तांबं झिजेना, आणि तांबं झिजत नाही म्हटल्यावर शिंपल्यांना विषही मिळेना. तळावर सुखाने वसाहती झाल्या. नौदलाने ते तुकडे काढायला लावले. (हे वाचल्यापासून एखादा बग फिक्स 'पूर्ण यशस्वी' झाल्याचा रिपोर्ट आला की मला शिंपले आठवतात.)

असो. परत स्टॅगकडे. 'अलार्म'मध्ये तांबं आणि लोखंड होतं, तिथे लोखंड झिजलं. स्टॅगमध्ये पोलादी स्टड आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड. इथे झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्टडच्या भोवती हेडमध्ये थोडी मोकळी जागा असते, तिच्यात कुठून ना कुठून पाणी झिरपतं. अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, स्टडही आपल्या परीने गंजतो, आणि हे सगळे क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतात. जागा तर तेवढीच. मग ते एकमेकांवर दाबले जाऊन दगडासारखे घट्ट होतात. आपण म्हणतो 'गंजून चिकटलं', पण ते डिंकाने चिकटल्यासारखं नसतं, भिंतीत ठोकलेल्या पाचरीसारखं असतं. आणि पाचर स्टडच्या पूर्ण लांबीभर.

साध्या बोल्टचं असं झालं तर निदान तो पिळून तरी काढता येतो. तिरक्या स्टडच्या बाबतीत पाच पाचरी एकाच वेळी सोडवायच्या, हेड फक्त त्यांच्याच दिशेने सरकू शकतं, आणि त्या दिशेने ओढायला पकडायचं कुठे?

याला प्रतिबंध होता आणि तोही सोपा. अँटिफ्रीझमध्ये नुसतं पाणी न गोठण्याचं रसायन नसतं, धातूंची झीज रोखणारी द्रव्यंही असतात. स्टॅगला ते बारा महिने हवं होतं. पण इंग्लंडमधली पिढीजात सवय अशी की अँटिफ्रीझ म्हणजे हिवाळ्याची गोष्ट, स्वेटरसारखी. ऑक्टोबरात घालायचं, वसंतात काढून साधं पाणी भरायचं. सगळं इंजिन बिडाचं असताना त्याने फारसं बिघडत नव्हतं. बारमाहीची गरज मालकांच्याच काय, विक्रेत्यांच्या आणि त्यांच्या गॅरेजांच्याही नीट लक्षात आलेली नव्हती. ज्यांना ठाऊक होतं ते ड्रॉइंग बोर्डापाशी, आणि ज्यांच्या हातात पाण्याचा डबा होता ते घरी.

मी कॉव्हेंट्रीजवळ एका प्रोजेक्टवर ऑनसाइट होतो तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे अशी स्टॅग होती. कॉव्हेंट्री म्हणजे ट्रायम्फचं माहेर. शहराच्या कॅन्ली भागातल्या त्यांच्या कारखान्यात १९८० पर्यंत गाड्या बनत होत्या. त्याच्या वडिलांनी ती १९७४ मध्ये नवी घेतलेली. वडील गेले आणि गाडी गॅरेजमध्ये अकरा वर्षं तशीच उभी. ती सुरू करायचं त्याच्या मनात आलं, मला जुन्या इंजिनांची हौस आहे हे त्याला माहीत होतं, आणि शनिवार-रविवारी करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हिवाळ्यातल्या इंग्लंडमध्ये नसतंच.

डावीकडचं हेड आधी घेतलं. पाच बोल्ट तासाभरात निघाले. पाच स्टडचे नटही निघाले. हेड जागचं हललं नाही.

अशा वेळी काय काय करतात, याची स्टॅगवाल्यांमध्ये एक तोंडी परंपराच आहे. पहिला मान आत झिरपणाऱ्या तेलाचा. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक स्टडच्या कडेला चार थेंब, आठवडाभर. (प्रसिद्ध निळा-पिवळा डबा सगळ्यांकडे असतो. ते द्रव्य १९५३ मध्ये पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी. जाम सुटायला त्यापेक्षा मुद्दाम त्यासाठी बनवलेलं तेल बरं, असं माझं मत.) मग डबल नट: स्टडवर दोन नट चढवून एकमेकांवर आवळायचे, म्हणजे ते फिरत नाहीत आणि खालच्या नटला पाना लावून अख्खा स्टडच ब्लॉकमधून उलटा फिरवता येतो. स्टडच निघाला तर हेडला अडवणार कोण? त्याने आमचे दोन स्टड आले, करकरत, पांढरी भुकटी सांडत.

तिसऱ्याला उष्णता. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हिशोब केला तर बारा मिलिमीटरच्या भोकात शंभर अंशांनी मिळणारी मोकळीक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण पाचर सैल व्हायला तेवढं कधीकधी पुरतं. तापवायचं, स्टडच्या डोक्यावर पितळी तुकडा ठेवून हलके ठोके द्यायचे, गार होऊ द्यायचं, परत तेल, परत तापवायचं. आपल्याकडचे जुने मिस्त्री हेच करतात, फक्त आकडे न मोजता. जोरात ठोकायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड हातोडीने फुटतं आणि स्टड तसाच राहतो.

त्यानंतर दोरी. हा प्रकार मला फार आवडला. स्पार्क प्लग काढायचा, पिस्टन खाली असताना त्या भोकातून नायलॉनची दोरी आत सारत राहायची, सिलिंडर भरेपर्यंत. मग क्रँक हाताने फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा हेडवर दाबला जातो, आणि हेड आतून वर ढकललं जातं. बाहेर पकडायला जागा नाही ना, मग आतून! व्हॉल्व्ह बंद आहेत एवढं मात्र आधी बघायचं. आम्ही हे दोन रविवार केलं. हेड पुढच्या बाजूने नखभर उचललं गेलं आणि तिथेच अडलं, तिरकं, तोंड वासून.

या टप्प्याला माणसाला ठरवावं लागतं की काय वाचवायचं. फटीतून करवतीचं पातं घालून उरलेले स्टड कापता येतात. हेड सुटतं, पण स्टडचे तुकडे त्याच्या पोटात राहतात, ते नंतर मशीनवर पोखरून काढायचे, आणि पातं जरा घसरलं तर हेडचा किंवा ब्लॉकचा सपाट चेहरा गेला. माझं मत होतं, कापून टाक. त्याला ते नको होतं. वडिलांनी घेतलेल्या गाडीचं मूळ हेड होतं ते.

त्याच संध्याकाळी त्याने वडिलांची वही आणली. जुन्या पद्धतीचा माणूस: प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, तारखेसकट, निळ्या शाईत. आणि दर वर्षी एप्रिलमध्ये एक ओळ: अँटिफ्रीझ काढलं, ब्लॉक धुतला, स्वच्छ पाणी भरलं. एक वर्षही चुकवलेलं नाही. आधीच्या सगळ्या गाड्यांना जे मानवलं होतं ते त्यांनी याही गाडीला प्रेमाने केलं होतं. निष्काळजी माणसाने हिवाळ्यातलं अँटिफ्रीझ तसंच राहू दिलं असतं, आणि हे स्टड कदाचित हाताने निघाले असते.

तो बराच वेळ पानं उलटत बसला. मग म्हणाला, काप.

मला आपल्याकडच्या पद्मिनी आठवत होत्या. त्यांना कोण अँटिफ्रीझ घालत होतं? हिवाळाच नाही, तर कशाला? नळाचं नाहीतर बोअरचं पाणी, डब्याने. धातूही तेच दोन. तरी मुंबईच्या टॅक्सी वर्षानुवर्षं चालल्या, ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून जाईपर्यंत. माझ्या मते याचं कारण साधं आहे. त्या रोज चालायच्या, आणि काहीतरी निमित्ताने त्यांचं इंजिन वारंवार खोललं जायचं. खोललेल्या सांध्यात क्षारांना पाचर व्हायला वेळ मिळत नाही. शिवाय तिरके स्टड नव्हते, हेही आहेच. आता मात्र शौकीन लोकांनी जपून ठेवलेल्या, महिन्यातून एकदा फिरणाऱ्या पद्मिनी आहेत. त्यांच्या मालकांनी कूलंटकडे लक्ष द्यावं. नवा स्टड किंवा प्लग बसवताना मध्ये अँटिसीझचा हलका लेप द्यावा. 'अलार्म'च्या खाकी कागदाचीच ही नात.

उरलेले तीन स्टड कापायला एक पूर्ण शनिवार गेला, बारा पाती मोडली. हेड बाकावर उलटं ठेवलं तेव्हा कापलेल्या स्टडभोवती पांढऱ्या क्षाराचं कडं दिसत होतं, मुळ्याच्या चकतीसारखं. मशीनवाल्याने ते तुकडे पोखरून काढले, चेहरा तासून दिला, हेड वाचलं.

उजवीकडचं हेड मी पुण्याला परत आलो तेव्हा अजून जागेवरच होतं. महिन्याभराने त्याची मेल आली. तेल आठवडाभर घातलं, दोरी तयार ठेवली, नट काढले आणि हेड दोन तासांत हातात आलं. त्याने वही पुन्हा चाळली होती. ऑगस्ट १९७९: उजवं गॅसकेट गेलं, हेड उतरवलं, स्टडना ग्रीस लावून परत बसवलं. खाली बिलाची रक्कम, आणि पुढे कंसात वडिलांच्या अक्षरात: फार महाग.